काचेच्या आतला ठसा

मित्रांनो, मी एक जुना दिवा आहे, पण मला पाहून दिवा म्हणण्याचं धाडस सहसा कोणी करत नाही. अंगाने बुटका, रंगाने राखाडी आणि तोंडावर जाड सळ्यांची जाळी. सध्या माझा मुक्काम एका कपाटाच्या दुसऱ्या फळीवर आहे. परवा एका नव्या मुलीने मला डबा समजून माझं झाकण शोधायला सुरुवात केली. मला राग आला नाही. सोळा वर्षं समुद्रात काढल्यावर असल्या गोष्टींचा राग येत नाही. वाईट एवढंच वाटतं, की आता मी लागत नाही.

तुमच्या घरातल्या दिव्यांपेक्षा माझं काम वेगळं होतं. किनाऱ्यापासून होडीने पाच तासांवर, भर समुद्रात, तेलविहिरीचा एक लोखंडी प्लॅटफॉर्म उभा आहे. तिथल्या हवेत मीठ असतं. ते दिसत नाही, पण नवा खिळा ठेवा, आठवड्यात तांबूस होतो. दिवसभर अंग भाजून काढणारं ऊन आणि मग अचानक कोसळणारी सर. तापलेल्या दिव्यावर गार पाणी पडलं की आतली हवा आक्रसते आणि बाहेरची दमट, खारट हवा आत ओढू पाहते. साधा दिवा अशा ठिकाणी एक हंगाम काढत नाही. म्हणून मला मुद्दाम घडवलं गेलं.

माझं अंग खास अ‍ॅल्युमिनियमचं आहे, त्यात तांबं औषधालाही नाही. बोल्ट न गंजणाऱ्या पोलादाचे. आता हे दोन धातू खाऱ्या पाण्यात एकमेकांना चिकटून बसले की एक दुसऱ्याला खायला लागतो. म्हणून प्रत्येक बोल्टखाली नायलॉनची एक चकती असते. भांडखोर भावंडांच्या मधे आई बसते ना, तशी. आणि काच जिथे अंगाला टेकते तिथे एक खाच असते, तिच्यात रबराची रिंग, तुमच्या कुकरच्या झाकणात असते तसलीच. माझा सगळा जीव त्या रिंगमध्ये. ती नीट बसली तर दिवा, नाहीतर नुसतं भांडं.

ती रिंग बसवणाऱ्या बाईची ही गोष्ट आहे. माझी कमी आणि तिची जास्त, असं म्हटलंत तरी चालेल.

कारखान्यात तिला सगळे ताई म्हणत. एका लांब टेबलाशी पाच-सहा बायका बसत आणि सगळ्यांच्या हातात पांढरे सुती मोजे असत. नियमच होता तसा. माणसाच्या घामात मीठ असतं, आणि ज्या दिव्याचा जन्म मीठ बाहेर ठेवण्यासाठी, त्याच्या आत उघडा हात लावायचा नाही. ताईने बारा वर्षांत हा नियम एकदाही मोडला नव्हता.

माझ्याबरोबर एक कागद आला होता. कुठला प्लॅटफॉर्म आणि कुठली जागा, ते त्यावर लिहिलेलं असे. ताईने तो वाचला आणि शेजारणीला कोपराने ढोसलं.

"अगं, हे बघ. आमच्या ह्यांच्या प्लॅटफॉर्मचा दिवा! आणि जागा कुठली आलीय बघ, होडीत उतरायची शिडी. शेवटच्या तीन पायऱ्या."

"मग सांग की त्याला कानात," शेजारीण म्हणाली, "नवऱ्यावर जरा लक्ष ठेव म्हणून."

दोघी हसल्या. ताईचं हसू लवकर थांबलं. तिचा नवरा त्या प्लॅटफॉर्मवर वायरमन होता. एक महिना समुद्रात, एक महिना घरी. त्या शेवटच्या तीन पायऱ्यांबद्दल तिने त्याच्याच तोंडून ऐकलं होतं. होडी लाटेबरोबर वर-खाली होते, पायऱ्या शेवाळून निसरड्या होतात आणि माणसाला नेमकी वेळ साधून पाय टाकावा लागतो. पायाखाली उजेड नसेल तर संपलंच.

तिने उजव्या हातातला मोजा काढला आणि अंगठ्याने माझी खाच चाचपली, सावकाश, पूर्ण गोल. एका ठिकाणी अंगठा थांबला. तिथे कुसळाएवढा धातूचा कण राहिला होता. मोज्यातून तो कधीच कळला नसता. तिने पात्याने तो खरवडून काढला, खाच पुसली, रिंग बसवली. तेवढ्यात तपासणीचे साहेब आले. गाडी बाहेर उभी होती आणि त्यांना घाई होती. त्या गडबडीत ताईने काच उचलली, बसवली, सहाही बोल्ट आवळले. साहेबांनी शिक्का मारला. मग तिची नजर टेबलावर गेली आणि चेहरा उतरला. मोजा टेबलावरच पडला होता.

काचेच्या आतल्या बाजूला तिचा अंगठा उमटला होता.

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण शिक्का बसलेला दिवा उघडायचा म्हणजे पुन्हा सगळ्या चाचण्या, थांबलेली गाडी आणि चारचौघींसमोर बोलणी. ती गप्प बसली. मला खोक्यात ठेवताना मात्र वाकून हळूच म्हणाली, "कोरडा राहा रे बाबा."

मित्रांनो, मला आयुष्यात मिळालेला हा एकच निरोप. खोक्याचं झाकण बंद झालं तेव्हा तिचा हात मला शेवटचा दिसला. पुढे सोळा वर्षं मी त्याच हाताची वाट पाहणार होतो.

मला शिडीवर टांगलं आणि दिवेलागणीला मी पहिल्यांदा लागलो. खाली तीन पायऱ्या आणि त्यांच्या खाली हिरवं-काळं पाणी, एवढंच माझं जग. समुद्र फार सुंदर असतो असं किनाऱ्यावरचे लोक म्हणतात. म्हणोत बापडे, त्यांना घरी जायला वाट असते. समुद्रपक्षी माझ्या जाळीवर बसत आणि त्यांना वाटेल ते करून उडून जात. दर आठवड्याला एक उंच, सडपातळ वायरमन ओलं फडकं घेऊन येई आणि माझ्या काचेवरचं मीठ पुसे. पहिल्याच आठवड्यात त्याच्या फडक्याखालून एक डाग काही जाईना. त्याने घासला, फुंकर मारून पुन्हा घासला.

"काय, सोनं निघतंय का त्यातून?" बाजूलाच कठडा रंगवत बसलेल्या रंगारीकाकांनी विचारलं. हे काका प्लॅटफॉर्मचं एक टोक रंगवायला घेत आणि दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत पहिलं गंजलेलं असे. त्यामुळे त्यांचा समुद्रावर राग होता आणि जिभेला धार होती.

"डाग आतून आहे, काका. कुणीतरी अंगठा उमटवलाय. आमची ही दिव्यांच्याच कारखान्यात असते, विचारतो तिला, कोण गबाळी बाई आहे तुमच्यात म्हणून."

तेव्हा मला कळलं, हा कोण ते. मला ओरडून सांगावंसं वाटलं. पण दिव्याला लागणं आणि विझणं, दोनच गोष्टी येतात.

महिन्याने तो सुट्टीवरून परतला तेव्हा काकांनी आठवणीने विचारलं, "मग? सापडली का गबाळी?"

"कसली सापडतेय. मी सांगितलं, तर ही भाजी चिरत होती ती चिरतच राहिली. मग म्हणते, दिवा नीट लागतो ना?"

"आणि तुझी तब्येत?"

"ती नाही विचारली."

काका खो खो हसले. पण तेव्हापासून प्रत्येक सुट्टीत ताई तेच विचारत राहिली. शिडीवरचा दिवा नीट आहे ना? आत पाणी दिसतं का? काचेला घाम येतो का? वायरमन परत आला की काकांना सांगे आणि दोघं हसत. मला हसू येत नसे. तिला कसली धास्ती आहे ते मला ठाऊक होतं. तिने स्वतःच्या हाताने माझ्या आत मीठ ठेवलं होतं, आणि माझ्याखालून तिचा माणूस उतरत होता. मी जीव तोडून कोरडा राहत होतो. सर कोसळली की मी रिंग घट्ट धरून ठेवी आणि त्या लांब टेबलाची आठवण काढी. त्या खोलीतली कोरडी हवा माझ्या आत अजून होती. तेवढंच माझं माहेर.

सातव्या वर्षी एकदा ठरलेल्या होडीने वायरमन आला नाही. पुढच्या महिन्यातही नाही. मी येणाऱ्या प्रत्येक होडीतली माणसं मोजली. तिसऱ्या महिन्यात तो आला, दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले. संध्याकाळी तो माझ्याजवळच्या पायरीवर येऊन बसला. काका ब्रश बाजूला ठेवून त्याच्या शेजारी बसले.

"कारखान्यात पत्रा दाबायच्या साच्यावरची बाई रजेवर होती," तो म्हणाला. "तिच्या जागी हिला बसवलं. साचा खाली आला. उजवा अंगठा गेला, काका."

काकांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"शुद्धीवर आल्यावर पहिलं काय म्हणाली माहितीये? म्हणाली, अहो, शिडीवरच्या दिव्यातला तो डाग माझाच आहे. सात वर्षं तुम्ही मला गबाळी म्हणताय आणि मी ऐकून घेतेय."

"अरे देवा."

"शिकलेली बाई आहे. आयुष्यभर सगळीकडे सही केली. कुठल्या कागदावर अंगठा लावायची वेळच आली नाही. म्हणजे आता आहे तो एवढाच." त्याने माझ्याकडे बोट दाखवलं.

मग तो उठला. हातमोजा काढला आणि जाळीच्या सळ्यांमधून आपला अंगठा बाहेरून काचेवर टेकवला, बरोबर तिच्या अंगठ्यासमोर. काच दिवसभराच्या उन्हाने चटके देण्याइतकी तापलेली होती. त्याने बराच वेळ अंगठा काढला नाही. त्या दिवसापासून सुट्टीवर निघताना शिडी उतरण्याआधी तो दर वेळी तसंच करू लागला. मधे काच होती, पण मला दोन्ही बाजू कळत होत्या. इतकं जवळ असून माझा काही उपयोग नव्हता, आणि त्याचं मला फार वाईट वाटे.

नवव्या वर्षी शिडीच्या वरच्या टोकाचा माझा शेजारी बुडाला. समुद्रात नव्हे, स्वतःतच. दुरुस्तीच्या वेळी कुणीतरी त्याची रिंग पिळलेली बसवली होती. एका पावसाळ्यात तो निम्म्यापर्यंत पाण्याने भरला. "मासे सोडा यात," असं काका म्हणाले आणि वायरमनने त्याला बदलायचं मागणीपत्र लिहिलं. नवा दिवा यायच्या आतच एका संध्याकाळी तो विझला. नेमके काका रंगाचा डबा घेऊन उतरत होते. पायरी चुकली. मी खाली लागलेलो होतो, पण माझा उजेड वरच्या पायऱ्यांपर्यंत पोचत नव्हता. काकांचा गुडघा फुटला. त्यांना स्ट्रेचरवर बांधून माझ्याच समोरून होडीत उतरवलं, आणि जाताना ते वायरमनला म्हणाले, "कठडा अर्धा राहिलाय. बघ कुणीतरी." काका पुन्हा आले नाहीत. त्या कठड्यावर रंग कुठे थांबला ते शेवटपर्यंत दिसत राहिलं.

मग हुकूम निघाला. खालचे सगळे दिवे उघडायचे, रिंगा बदलायच्या, काचा आतून पुसायच्या. मला काढून वरच्या कोरड्या खोलीत नेलं. वायरमनच्या हातात पाना होता आणि बाजूला तपासणीसाठी आलेली तरुण इंजिनिअर बाई वहीत टिपत होती. सहा बोल्ट निघाले. माझ्या आतली ती जुनी हवा कुणाच्या लक्षात न येता खोलीत मिसळून गेली. मला तिला धरून ठेवता आलं नाही.

"अहो, हा डाग कसला?" बाईंनी काच उजेडाकडे धरली.

"माणसाचा आहे."

"मीठ आहे यात. बघा, कडेने पांढरं यायला लागलंय. अजून थोडी वर्षं गेली असती तर खाली रिंगपर्यंत उतरलं असतं. पुसा तेवढं."

त्याने फडकं हातात घेतलं आणि तसाच उभा राहिला. बाई वाट पाहून म्हणाल्या, "काही अडचण आहे का?"

"अडचण नाही, मॅडम. माझ्या बायकोचा अंगठा आहे तो. तिचा अंगठा आता नाही." मग त्याने फडक्याची कोरडी बाजू वर केली. "पण तिनेच बजावून पाठवलंय. म्हणाली, उघडाल तेव्हा आधी तो डाग पुसा. ते माझ्या हातून राहिलेलं काम आहे, नऊ वर्षं माझ्या जिवाला घोर लागलाय. काकांचं कळल्यापासून तर ती झोपली नाही."

बाईंनी वही मिटली आणि त्या खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या.

त्याने मोजे घातले होते. त्याने डाग पुसला. काच उजेडात धरून पाहिली आणि पुन्हा एकदा पुसली. काहीच राहिलं नाही. मग नवी रिंग बसवली, बोल्ट आवळले, आणि मी पुन्हा शिडीवर आलो. पुढच्या सुट्टीला निघताना सवयीने त्याचा हात माझ्या काचेकडे आला आणि वाटेतच थांबला. त्याने जाळीवर नुसता तळवा ठेवला आणि तो खाली उतरला.

आता मी निर्दोष होतो. माझा उजेड स्वच्छ पडत होता आणि मला करमत नव्हतं.

चौदाव्या वर्षी वायरमन निवृत्त झाला. शेवटच्या दिवशी शिडीशी थांबून त्याने माझी काच पुसली, तिचा आठवड्याचा वार नसतानाही. "येतो," असं तो म्हणाला. आपल्यात निघताना असंच म्हणतात हे मलाही ठाऊक होतं. तरी पुढची दोन वर्षं प्रत्येक होडी आली की मी त्याला शोधत असे.

मग नव्या पद्धतीचे दिवे आले आणि मला उतरवलं. ती इंजिनिअर बाई आता मोठ्या हुद्द्यावर होती. भंगाराच्या ढिगाऱ्यातून तिने मला वेगळं काढलं आणि खोक्यावर माझ्या जुन्या कारखान्याचा पत्ता लिहिला. ज्या तीन पायऱ्यांवर मी सोळा वर्षं उजेड पाडला, त्या मी त्या दिवशी पहिल्यांदा उतरलो. एका खलाशाच्या खांद्यावरून.

खोकं उघडलं तेव्हा वरून एक पांढरा मोजा आत आला. त्या मोज्याच्या अंगठ्याची जागा शिवून बंद केलेली होती.

अपघातानंतर ताईला रिंगा बसवता येत नव्हत्या, म्हणून तिला शिकवायच्या खोलीत नेमलं होतं. नव्या मुलींना ती काम शिकवी. तिने मला टेबलावर ठेवलं आणि चार बोटांत पाना धरून सावकाश उघडलं. रिंग काढून खाच निरखली. खरवडल्याची जुनी खूण दिसली तशी ती थांबली.

"तूच आहेस होय," ती म्हणाली. मग आत सगळीकडे हात फिरवून, मुलींना नव्हे, मलाच म्हणाली, "कोरडा राहिलास."

मित्रांनो, मला आयुष्यात मिळालेली ही शाबासकी. याच्यापुढे मला दुसरी नको.

तिने काच उचलून उजेडात धरली. लख्ख होती. "पुसलाय ह्यांनी. सांगितलं होतं तसा," ती म्हणाली. समाधानाने म्हणाली, पण काच काही खाली ठेवली नाही. मग तिने तेच केलं, जे काच तपासताना तिने हजारदा केलं असेल. तोंड जवळ नेऊन काचेवर आतून हाः केलं.

काचेवर वाफ धरली, आणि त्या वाफेत अंगठा उमटला. एकेक रेघ. नऊ वर्षं मी तापत होतो आणि निवत होतो, त्यात त्या रेघांनी काचेला हळूहळू खाल्लं होतं. मीठ पुसलं गेलं, पण काचेवर रेघा राहिल्या. नुसत्या डोळ्यांना त्या दिसत नाहीत. श्वास लागला की दिसतात.

ताई मटकन खुर्चीत बसली. मुली घाबरल्या. एकजण धावत फाटकाकडे गेली, कारण संध्याकाळी ताईला घरी न्यायला कोण येऊन थांबतं हे सगळ्यांना ठाऊक होतं. वर्षानुवर्षं तिने त्याची वाट पाहिली, आता रोज तो तिची पाहतो. पांढऱ्या केसांचा वायरमन धापा टाकत आत आला.

"काय झालं? बरं नाही का?"

तिने पुन्हा हाः केलं आणि काच त्याच्यासमोर धरली. त्याने पाहिलं. मग अपराध्यासारखा म्हणाला, "मी नीट पुसला होता गं. दोनदा पुसला होता."

"माहितीये मला," ती म्हणाली.

तिने काच तशीच धरून ठेवली. त्याने आपला अंगठा बाहेरच्या बाजूने टेकवला, त्याच्या जुन्या सवयीच्या जागी. वाफ विरली तसा तिचा अंगठा दिसेनासा झाला, पण त्याने आपला उचलला नाही.

आता मी लागत नाही. त्या तीन पायऱ्यांवरून आज कोण उतरत असेल, त्यांना नीट दिसत असेल का, हा विचार दर संध्याकाळी येतो. कठडा कुणी पुरा केला की नाही, तेही कळत नाही. वर्षातून दोनदा नव्या मुलींची तुकडी येते. तेव्हा ताई मला खाली काढते, मोजे का घालायचे ते समजावते आणि काचेवर एकदाच हाः करते. मुलींचे हात आपोआप मोज्यांकडे जातात. तेवढ्यासाठी मी उरलेलं वर्ष फळीवर बसून असतो.

तर मित्रांनो, दिव्यांची काळजी घ्या. आपल्याकडून राहिलेलं काम आपणच सांगा, गाडी बाहेर उभी असली तरी. आणि कधी या खोलीत आलात तर मला डबा म्हणा, पेनं ठेवा, माझी हरकत नाही. पण काच हातात घेण्याआधी मोजे घाला. तिच्या आतल्या बाजूला एकाच अंगठ्यापुरती जागा आहे.